वीस वर्षांची गोगो

सोवेटोतल्या एखाद्या गल्लीत विशीतली एक मुलगी दिसते. गळ्यात पांढऱ्या-लाल मण्यांच्या माळा, मनगटावर बोकडाच्या कातड्याची पट्टी, खांद्यावर प्राण्यांची चित्रे छापलेले सुती कापड. समोरून येणारा पन्नाशीचा गृहस्थ थांबतो, किंचित वाकतो आणि हात जुळवून म्हणतो, ‘थोकोझा, गोगो.’ गोगो म्हणजे आजी. मुलीच्या वयाशी या हाकेचा काही संबंध नाही. नमस्कार पोचतो तो तिच्यामार्फत बोलणाऱ्या पूर्वजाला. तो पूर्वज पुरुष असेल तर याच मुलीला लोक ‘म्खुलू’, म्हणजे आजोबा, अशी हाक मारतील आणि त्यात कोणालाही वावगे वाटणार नाही.

ही मुलगी सांगोमा आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू, खोसा, स्वाझी, न्देबेले आणि त्यांच्या शेजारच्या समाजांत सांगोमा आजाराचे कारण शोधते, पूर्वजांचे म्हणणे सांगते आणि उपचार करते. झाडपाल्याची औषधे देणारा इन्यांगा वेगळा. त्याची विद्या बहुतेक बापाकडून मुलाकडे जाते, ठरवून शिकता येते, आणि तिच्यात पूर्वीपासून पुरुष जास्त. आज दोन्ही कामे एकाच व्यक्तीने केलेली सर्रास दिसतात, तरी एक अट ढळलेली नाही. आपण सांगोमा व्हायचे असे कोणी स्वतःहून ठरवू शकत नाही. पूर्वजांनी बोलवावे लागते. आणि ज्यांना हे बोलावणे येते त्यांत बायका बहुसंख्य, पुष्कळदा अगदी तरुण.

हे घडते ते नव्या सुनेचे स्थान सगळ्यांत खाली असणाऱ्या समाजात. पारंपरिक झुलू घरातल्या सुनेने सासऱ्याचे नाव तर घ्यायचे नाहीच, पण त्या नावातले उच्चार ज्या शब्दांत येतात ते शब्दही टाळायचे. आपल्याकडच्या बायका नवऱ्याचे नाव घेत नसत. तिथल्या सुनांना रोजच्या वस्तूंसाठी पर्यायी शब्दांचा वेगळा साठाच शिकावा लागे. या प्रथेला ह्लोनिफा म्हणतात. अशा घरातली मुलगी उद्या वडीलधाऱ्यांना सांगते की अमुक पूर्वजाचा विधी राहून गेला आहे, बोकड आणा. आणि ते आणतात. हा अधिकार तिला कुठून मिळतो? तिने तो मागितलेला नसतो, यातच त्याचे बळ आहे असे मला वाटते. स्वतःसाठी बोलणाऱ्या मुलीला गप्प बसवता येते. पण तिच्या तोंडून पणजी बोलू लागली की तिला गप्प बसवायचे कोणी? मात्र हा अधिकार फुकट येत नाही. त्याआधी तिला कित्येक महिने, कधी काही वर्षे, एका परक्या घरात कमालीचे वाकून राहावे लागते. हे वाकणे आणि तो अधिकार एकत्र पाहिले नाहीत तर सांगोमा मुलीची गोष्ट एकतर भोळ्या कौतुकाची होते, नाहीतर सरसकट हेटाळणीची.

सुरुवात बहुधा आजाराने होते. छातीत धडधड, मानेत आणि खांद्यांत दुखणे, न जाणारा थकवा, कारण नसताना येणारे रडू. दवाखान्यातल्या तपासण्यांत काही सापडत नाही. स्वप्ने वाढतात. त्यांत नदी येते, साप येतो, हातात काहीतरी ठेवणारी अनोळखी म्हातारी येते. नोकरी सुटते, जुळलेले लग्न मोडते. शेवटी घरचे एखाद्या सांगोमाकडे जातात. ती चटई पसरून अमाथांबो टाकते. हा संच हाडांचा म्हणून ओळखला जातो, पण त्यात शेळ्यामेंढ्यांच्या घोट्यांच्या हाडांबरोबर शिंपले, कवड्या, नाणी, डोमिनोच्या सोंगट्या असे काहीही असू शकते. प्रत्येक वस्तूला तिच्या मालकिणीने नेमून दिलेला अर्थ असतो, आणि कोणती कोणाशेजारी, उताणी की पालथी पडली यावरून ती वाचते. निदान ‘उबिझो’ असे निघाले तर घरात शोध सुरू होतो: कोण बोलावते आहे? मग पुष्कळदा जुनी, दडपलेली गोष्ट वर येते. आजीच्या आईलाही बोलावणे आले होते, पण कुटुंब मिशनच्या चर्चमध्ये गेले होते आणि तिला जाऊ दिले नव्हते. तिचे राहिलेले काम आता हिच्याकडे आले आहे.

मुली हे ऐकून आनंदतात असे समजू नये. बहुतेकींना नकोच असते. शिक्षण अर्धे असते, घरात पैसे नसतात, चर्चमधले लोक काय म्हणतील याची धास्ती असते. काही घरे विधी करून पूर्वजांकडे मुदत मागतात. काहीजणी झायनिस्ट चर्चच्या प्रार्थनेने बरे करणाऱ्या भविष्यवाद्यांकडे जातात. या आफ्रिकी चर्चांत पूर्वजांना पूर्ण हद्दपार केलेले नाही, त्यामुळे तिथे एक मधला रस्ता निघू शकतो. टाळाटाळ केली तर आजार बळावतो, वेड लागते, मरणही येऊ शकते, ही समजूत मात्र पक्की आहे.

मानसोपचाराच्या भाषेत याला काय म्हणायचे, यावर बराच काळ वाद चालला. वेरा ब्यूरमान या आफ्रिकान्स भाषक मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी ईस्टर्न केपमधल्या खोसा उपचारकांबरोबर वर्षानुवर्षे काम करून 1984 मध्ये ‘लिव्हिंग इन टू वर्ल्ड्स’ हे पुस्तक लिहिले. त्या युंगच्या परंपरेतल्या विश्लेषक होत्या. स्वप्न सांगणे, सगळ्यांनी मिळून नाचणे, पूर्वजांशी तुटलेले नाते पुन्हा जोडणे या क्रमात त्यांना खराखुरा उपचार दिसला. त्यांचे युंगवादी स्पष्टीकरण सगळ्यांना पटलेले नाही. पण वर्णद्वेषी राजवटीच्या भर काळात एका गोऱ्या डॉक्टर बाईने खोसा उपचारकांना सहकारी मानून त्यांच्याजवळ बसावे, ही गोष्ट छोटी नव्हती. तरी प्रत्येक भास म्हणजे बोलावणे नव्हे. स्किझोफ्रेनियाची सुरुवातही याच वयात होते आणि ती वेळेवर ओळखली गेली नाही तर मुलीचे आयुष्य हातचे जाते. चांगली सांगोमा हा फरक करते. ‘ही आमच्याकडची नाही, हिला इस्पितळात न्या’ असे सांगणाऱ्या सांगोमाही आहेत.

बोलावणे स्वीकारले की शिक्षण सुरू होते. त्याला उकुथ्वासा म्हणतात, शिकणारीला इथ्वासा, आणि शिकवणाऱ्याला किंवा शिकवणारीला गोबेला. गोबेला कोण असावी हेही पुष्कळदा स्वप्नातून ठरते. अमुक टेकडीजवळचे, अमुक रंगाच्या दाराचे घर दिसते आणि घरचे लोक ते शोधत निघतात. मुलगी तिथे राहायला जाते. तिचे जुने कपडे जातात. केसांना लाल माती आणि तेल लावतात, त्यांत मणी ओवतात. काही घराण्यांत शरीरसंबंध, हस्तांदोलन आणि ठरावीक अन्न वर्ज्य असते. मोठ्यांसमोर ती गुडघ्यांवर बसून, नजर खाली ठेवून बोलते, कित्येकदा दारापासून गुडघ्यांवरच चालत येते.

दिवस उजाडण्याआधी सुरू होतो. मुळ्या कुटून पाण्यात घातलेला उबुलावू दुबेळक्या काठीने घुसळतात. फेस भांड्याबाहेर येईपर्यंत घुसळायचे, पूर्वजांशी बोलत बोलत घुसळायचे, मग तो फेस प्यायचा. ओकाऱ्या काढून पोट साफ करायचे, नदीवर किंवा अंगणात औषधी पाण्याने अंघोळ करायची. खोसा उपचारक यासाठी जी मुळी वापरतात तिचे शास्त्रीय नाव सिलेने कापेन्सिस; ती घेतल्यावर स्वप्ने स्पष्ट पडतात असा त्यांचा अनुभव आहे. नंतर इम्पेपो जाळतात. ही वाळलेली, करड्या-पिवळ्या फुलांची सुगंधी वनस्पती. तिच्या धुराशिवाय पूर्वजांशी बोलणेच सुरू होत नाही. त्या धुरात इथ्वासा रात्रीचे स्वप्न तपशीलवार सांगते. गोबेला ऐकते, उलटे प्रश्न विचारते, कधी त्या स्वप्नावरूनच दिवसाचे काम ठरते: कोणते मूळ खणायचे, कोणत्या रंगाचे कापड आणायचे. बाकी वेळ झाडलोट, पाणी, स्वयंपाक. संध्याकाळी ढोल.

ढोलाशिवाय यातले काहीच होत नाही. जॉन जॅन्झन या मानववंशशास्त्रज्ञाने 1992 मध्ये ‘न्गोमा’ नावाच्या पुस्तकात दाखवले की ढोल, गाणे आणि नाच यांच्या भोवती बांधलेली ही उपचारपद्धत मध्य आफ्रिकेपासून दक्षिण टोकापर्यंत पसरलेली आहे, आणि तिचे सूत्र सगळीकडे सारखे आहे. ज्या आजाराने माणूस पछाडला, त्यातून पार पडल्यावर तो त्याच आजाराचा उपचारक होतो. मुलगी नाचते तेव्हा पायांना बांधलेली खुळखुळी ठेका धरतात, हातात इशोबा म्हणजे गुराच्या शेपटीचा चवर असतो. जमलेले लोक गाणे उचलून धरतात. ते थांबले तर तिचे अंगही थांबते, म्हणून शेजारीपाजारी, लहान मुले, सगळे त्यात ओढले जातात.

सगळ्यांत अवघड भाग लपवलेली वस्तू शोधण्याचा. गोबेला रोज काहीतरी दडवते. इथ्वासाने गुडघ्यांवर बसून आधी सांगायचे की वस्तू काय आहे, कोणाची आहे, कुठे आहे. जमलेले लोक प्रत्येक वाक्याला ‘सियावुमा’ म्हणजे ‘आम्हाला मान्य’ असे म्हणत टाळ्या वाजवतात. वाक्य बरोबर असेल तर आवाज चढतो, चुकले तर पडतो. संशयी वाचक म्हणेल की ती आवाजाच्या चढउतारावरूनच वाट काढते. काढत असेलही. पण समोरच्या माणसाच्या आवाजातला सूक्ष्म बदल ऐकून त्याच्या मनातले दुखणे ओळखणे, हेच पुढे तिला आयुष्यभर करायचे आहे. त्याचे इतके कडक प्रशिक्षण वैद्यकीय महाविद्यालयांतही क्वचितच मिळत असेल.

शेवटची परीक्षा अशीच असते, पण सगळ्या गावासमोर आणि इतर सांगोमांच्या नजरेखाली. बोकड कापले जाते, त्याचे पित्ताशय किंवा दुसरे काही लपवतात, आणि रात्रभर नाचून थकलेल्या मुलीला ते शोधावे लागते. सापडले की जल्लोष. पित्ताशय फुगवून तिच्या केसांत बांधतात, कातड्याच्या पट्ट्या छातीवर तिरप्या घालतात. सापडले नाही तर ती परत शिकायला जाते. पुढे स्वतःच्या घरी तिला वाजतगाजत आणण्याचा सोहळा होतो, आणि कालपर्यंत गुडघ्यांवर चालणारी मुलगी त्या दिवसापासून गोगो होते.

बायकाच का? झुलू मानववंशशास्त्रज्ञ हॅरिएट न्गुबाने यांनी 1977 च्या ‘बॉडी अँड माइंड इन झुलू मेडिसिन’ या पुस्तकात दिलेले उत्तर मला अजूनही सगळ्यांत पटते. जन्म आणि मृत्यू या दोन्ही उंबरठ्यांवर झुलू समाजात बाई उभी असते. ती बाळाला या जगात आणते आणि मृताचे मुख्य सुतकही तीच पाळते. दोन जगांमधला पूल तीच, म्हणून पूर्वज तिच्यातून ये-जा करतात. त्यात आणखी एक बारकावा आहे. मुलीला बोलावतात ते बहुधा तिच्या माहेरचे पूर्वज. सासरी ती परकी सून असली तरी या नात्याने ती आपल्या बापाच्या घराची लेक राहते, आणि तिच्या अंगातल्या माहेराला सासरच्यांना मान द्यावा लागतो.

या पूर्वजांच्या जगात दक्षिण आफ्रिकेचा इतिहासही नोंदला गेला आहे. देशाच्या ईशान्य भागात आणि स्वाझीलँडमध्ये, म्हणजे आजच्या एस्वातिनीत, सांगोमाच्या अंगात घरच्या पूर्वजांबरोबर न्दाऊ आत्मे येतात. न्दाऊ हे मोझांबिक-झिंबाब्वेकडचे लोक. एकोणिसाव्या शतकात न्गुनी सेनांनी त्यांना जिंकले आणि गाझा राज्य उभारले. मारले गेलेले न्दाऊ मारणाऱ्यांच्या वंशजांना छळू लागले, आणि त्यांना मान देऊन घरात घेतल्यावर तेच बरे करू लागले, असे तिथे मानतात. शत्रूच्या मृतांना आपल्या लेकीच्या अंगात जागा देऊन हिशेब फेडण्याची ही रीत मला विलक्षण वाटते. न्गुबाने यांनी उफुफुन्याने नावाच्या छळणाऱ्या बाधेविषयी लिहिले आहे. त्यात रुग्णाच्या अंगात परक्या वंशांच्या आत्म्यांचे थवे शिरतात, आणि त्यांत गोऱ्यांबरोबर भारतीयही असतात. 1860 पासून नाताळ वसाहतीतल्या उसाच्या मळ्यांत गिरमिटिये म्हणून गेलेल्या आपल्या माणसांची छाया अशी झुलू बायकांच्या स्वप्नांत पोचली. प्रत्यक्ष व्यवहारात भारतीय फार जवळ होते: डरबनमधली मुथीची, म्हणजे पारंपरिक औषधांची, कित्येक दुकाने भारतीय कुटुंबांची होती. लिंपोपो प्रांतात उपचारक जे पट्ट्यापट्ट्यांचे ‘सालेम्पोर’ कापड पांघरतात, त्याचे नाव कोरोमंडल किनाऱ्यावरून जहाजांनी जाणाऱ्या कापडाचे आहे.

राज्यसंस्थेला या बायका कधीच रुचल्या नाहीत. नाताळ वसाहतीने 1891 च्या संहितेत इन्यांगांना परवाने दिले आणि सांगोमांचे काम बेकायदा ठरवले. बाटलीतले औषध मोजता येते, त्यावर कर लावता येतो. पूर्वजांचा आवाज मोजता येत नाही आणि तो लोकांना एकत्र आणतो. 1957 च्या चेटूकविरोधी कायद्याने पैसे घेऊन अलौकिक शक्ती वापरल्याचे सांगणे हा गुन्हा केला. सांगोमा आणि तिच्या दृष्टीने समाजाची शत्रू असलेली चेटकीण यांना या कायद्याने एकाच शब्दाखाली कोंबले. लोकशाही आल्यानंतर 2004 मध्ये पारंपरिक आरोग्यसेवकांचा कायदा झाला, पण जनतेचे म्हणणे पुरेसे ऐकले नाही या कारणाने संविधान न्यायालयाने 2006 मध्ये तो रद्द केला. पुन्हा केलेला 2007 चा 22 क्रमांकाचा कायदा सांगोमा, वनौषधी देणारे, पारंपरिक सुईणी आणि सुंता करणारे अशा चौघांना मान्यता देतो.

त्याच वर्षी एक प्रकरण घडले. प्रिटोरियाजवळच्या एका हॉटेलात स्वयंपाक करणाऱ्या बाईला बोलावणे आले. शिक्षण पुरे करण्यासाठी तिने पाच आठवड्यांची बिनपगारी रजा मागितली आणि गोबेलाचे पत्र जोडले. हॉटेलने एक आठवडा देऊ केला. डॉक्टरचे प्रमाणपत्र असते तर रजा मिळाली असती, गोबेलाच्या पत्राला किंमत नव्हती. ती गेली आणि तिला काढून टाकले. लवाद, कामगार न्यायालय, कामगार अपील न्यायालय अशा पायऱ्या चढत प्रकरण ब्लूमफाँटेनच्या सर्वोच्च अपील न्यायालयात पोचले, आणि नोव्हेंबर 2013 मध्ये तिथेही तीच जिंकली. पूर्वज खरेच बोलावतात का, हे ठरवणे न्यायालयाचे काम नाही. न गेल्यास आपल्या जिवाला धोका आहे असे तिला प्रामाणिकपणे वाटत होते आणि कामावर न येण्याचे तेवढे कारण पुरेसे होते, असा निकालाचा आशय होता. एका स्वयंपाकिणीने सहा वर्षे लढून मिळवलेला हा निकाल कोणत्याही कायद्यातल्या कलमापेक्षा सांगोमांच्या जास्त कामी आला असे मी म्हणेन.

या परंपरेच्या अंगावर डागही आहेत. लिंपोपोमध्ये 1980 आणि 90 च्या दशकांत चेटकीण ठरवून माणसांना जाळण्याचे सत्र चालले, त्याच्या चौकशीसाठी 1995 मध्ये रालुशाई आयोग नेमावा लागला. बळींमध्ये म्हाताऱ्या बायका पुष्कळ होत्या, आणि कोणाकडे बोट दाखवायचे हे ठरवण्यासाठी भविष्य सांगणाऱ्यांची मदत घेतली गेली होती. तरुण बाईला उंच नेणारी दृष्टी म्हाताऱ्या बाईचा जीवही घेऊ शकली, हे विसरून सांगोमांचे गोडवे गाता येणार नाहीत. शहरात आता व्हॉट्सॲपवर हाडे टाकली जातात, मोबाइलवर पैसे येतात, आणि झटपट उकुथ्वासा करून देणारे गोबेला जाहिरात करतात. मुलीचे घर बोकड, गाय, मणी, कापड आणि गुरुदक्षिणा यांसाठी कर्ज काढते. औषधी वनस्पतींवरचा ताणही वाढला आहे. अर्धवट राहिलेल्या उड्डाणपुलावर भरणाऱ्या डरबनच्या वॉर्विक बाजारात मुळ्या विकणाऱ्या बहुसंख्य बायकाच आहेत, आणि आफ्रिकी आल्यासारखी कंदवर्गीय वनस्पती आता रानात सापडणे दुर्मीळ झाले आहे.

पण सगळ्यांत नाजूक जागा गोबेलाच्या घराच्या आत आहे. जिथे वाकणे हाच शिक्षणाचा गाभा, तिथे शिकवणारा वाईट निघाला तर मुलीला ‘नाही’ म्हणायला शब्दच उरत नाही. नकार म्हणजे पूर्वजांचा अपमान ठरतो. फुकटची घरकामे, वाढत जाणारी दक्षिणा, पुरुष गोबेलाकडून शारीरिक छळ, या तक्रारी खुद्द अनुभवी सांगोमाच बोलून दाखवतात. औषध त्वचेखाली घालण्यासाठी पात्याने चिरा पाडतात. एकच पाते दोघींना वापरले की एचआयव्हीचा धोका, म्हणून आता अनेक ठिकाणी उपचारकांना हातमोजे आणि नवी पाती वापरायला शिकवतात. एवढ्याने भागणार नाही. शिकायला आलेल्या प्रत्येक मुलीची नोंद हवी, दक्षिणा आधी ठरलेली हवी, तिच्या आईला कधीही येऊन तिला एकटीला भेटता आले पाहिजे, ती घेत असलेली डॉक्टरची औषधे बंद होता कामा नयेत, आणि अठरा वर्षांखालच्या मुलीची शाळा सुटता कामा नये. यातली एकही गोष्ट पूर्वजांच्या आड येत नाही. 2007 च्या कायद्याने नेमायची ती परिषद हे करू शकते, आणि तिच्यापुढे बसून हे मागण्याचा सगळ्यांत मोठा हक्क ज्या स्वतः गुडघ्यांवर चालून आल्या त्या तरुण गोगोंचा आहे.